न लिहिलेल्या चालींचा इतिहास : बेने इस्रायली प्रार्थनासंगीताचा शोध

ज्यू धर्मीयांच्या सिनेगॉगमध्ये उपस्थितांच्या वतीने प्रार्थना गाऊन म्हणणाऱ्या व्यक्तीस हिब्रू भाषेत 'हझान' म्हणतात. हझानांनी पिढ्यानपिढ्या जतन केलेले गायन ही जगातील प्राचीन धार्मिक संगीतपरंपरांपैकी एक आहे. या परंपरेची एक शाखा महाराष्ट्रात, कोकणच्या किनाऱ्यावर आणि मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत रुजली. मराठी ही मातृभाषा असलेल्या बेने इस्रायली समाजाने हिब्रू प्रार्थना आपल्या उच्चारांत गाइल्या, त्यांची मराठी भाषांतरे केली आणि बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली.

या संगीताचा इतिहास लिहिताना एक मूलभूत अडचण येते. प्रार्थनेचे शब्द ग्रंथांत छापलेले आहेत. चाली बहुतांशी कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्या गाणाऱ्यांच्या गळ्यात आणि ऐकणाऱ्यांच्या स्मरणात राहिल्या. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये स्थायिक झाल्याने हे स्मरणही दोन देशांत विभागले गेले. अशा स्थितीत चालींचा माग कसा काढला जातो, त्यातून कोणता इतिहास समोर येतो आणि हे काम लवकर होणे का आवश्यक आहे, याचा हा आढावा.

हझान कोणास म्हणतात?

हझान हा पुरोहित नव्हे आणि तो रब्बीही नव्हे. रब्बी हा धर्मशास्त्राचा जाणकार व मार्गदर्शक असतो. हझानाचे काम प्रार्थनेचे नेतृत्व करण्याचे आहे. भारतातील बेने इस्रायली समाजात स्थानिक रब्बींची परंपरा नव्हती. त्यामुळे विवाह, सुंता, अंत्यविधी आणि सणांची प्रार्थना या सर्वच प्रसंगी हझानाचे स्थान विशेष महत्त्वाचे ठरले. सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्या प्रमुखास समाजात 'मुकादम' म्हणत, तर हझान येण्यापूर्वीच्या काळात धार्मिक विधी करणाऱ्यांना 'काजी' ही उपाधी होती.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम येथील मंदिर उद्ध्वस्त केले. मंदिरातील वाद्यवृंद आणि गायकवर्ग त्याबरोबर लोपला. त्यानंतर उपासनेचे केंद्र सिनेगॉगकडे आले आणि मंदिराच्या नाशाचा शोक म्हणून प्रार्थनेत वाद्ये वर्ज्य झाली. उरला तो केवळ मानवी आवाज. आरंभी 'हझान' हा शब्द सिनेगॉगच्या व्यवस्थापकासाठी वापरला जात असे. पुढे 'पियूत' नावाची धार्मिक काव्ये रचली जाऊ लागली आणि ती सर्वांना पाठ नसल्याने गाणाऱ्या जाणकाराची गरज भासू लागली. त्यातून हझान हा प्रार्थनेचा मुख्य गायक बनला.

युरोपमध्ये या गायनाने एकोणिसाव्या शतकात मोठे वळण घेतले. व्हिएन्ना येथील सालोमोन सुल्झर (१८०४-१८९०) यांनी सिनेगॉगमधील गायनास शिस्तबद्ध समूहगानाची जोड दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोनमुळे योसेले रोझेनब्लाट आणि गेर्शोन सिरोटा यांसारखे हझान जगभर पोहोचले. सिरोटा यांचा १९४३ मध्ये वॉर्सा येथील ज्यू वस्तीत मृत्यू झाला. नाझी अत्याचारांत पूर्व युरोपातील ज्या हजारो सिनेगॉगचा अंत झाला, त्यांच्याबरोबर तेथील स्थानिक चालीही नष्ट झाल्या. ज्यू संगीताच्या अभ्यासकांना ध्वनिमुद्रण आणि संग्रह यांची निकड वाटते, त्यामागे हा अनुभव आहे.

चिन्हे आहेत, स्वर नाहीत

बायबलच्या हिब्रू पाठात अक्षरांच्या वर-खाली लहान चिन्हे असतात. त्यांना 'तआमिम' म्हणतात. शब्दावर आघात कोठे द्यावा, वाक्य कोठे तोडावे आणि कोणता स्वरसमूह गावा, हे ती सुचवितात. तिबेरियास येथील विद्वानांनी नवव्या-दहाव्या शतकांत ही पद्धत पूर्णत्वास नेली. सुमारे ९३० मधील आलेप्पोची पोथी हा तिचा सर्वश्रुत नमुना आहे.

ही चिन्हे म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतील ठरावीक स्वर नव्हेत. चिन्ह एकच असले तरी येमेनचा ज्यू ते एका रीतीने गातो, बगदादचा दुसऱ्या आणि लिथुआनियाचा तिसऱ्या. वेदपठणातील उदात्त-अनुदात्त खुणा पोथीत सारख्या असूनही शाखेनुसार उच्चार बदलतो, तसाच हा प्रकार आहे. पोथी पाहून गायन कळत नाही. ते गुरुमुखातूनच शिकावे लागते. शिवाय सिनेगॉगमध्ये वाचल्या जाणाऱ्या तोराच्या गुंडाळीवर ही चिन्हे नसतात. वाचणाऱ्याने चाल आधीच तोंडपाठ केलेली असावी लागते.

हिब्रू संगीताचे सर्वांत जुने ज्ञात स्वरलेखन बाराव्या शतकातील आहे. ओबादिया नावाच्या, ख्रिस्ती धर्मातून ज्यू धर्मात आलेल्या एका इटालियन-नॉर्मन व्यक्तीने ते केले. हे कागद कैरो येथील सिनेगॉगच्या 'गेनिझा' नावाच्या जुन्या कागदपत्रांच्या कोठीत सापडले. त्याच कोठीत त्याच शतकातील मंगळूर येथे राहणाऱ्या अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याची पत्रेही मिळाली. तो मूळचा ट्युनिशियाचा. सुमारे १७ वर्षे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर व्यापार करीत असता तो हिब्रू कविताही रचीत असे. त्याचे शब्द आज वाचता येतात. मंगळुरात ते कोणत्या चालीवर म्हटले जात, हे सांगणारा एकही कागद नाही. या विषयातील अडचण या एका उदाहरणातून स्पष्ट होते.

कोकणातील आरंभ

बेने इस्रायली समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले. ते कोकणातील गावोगावी वसले. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याची प्रथा यांमुळे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर यांसारखी आडनावे त्यांच्या गावांची साक्ष देतात.

दीर्घकाळ या समाजाजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते. 'शमा' ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा करणारी प्रार्थना तेवढी मुखोद्गत होती आणि जन्म, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी तीच म्हटली जाई. सणांची हिब्रू नावेही विस्मृतीत गेली होती. त्यांच्या जागी 'नव्याचा सण', 'दार फाळणीचा सण', 'बिरड्याचा सण' अशी मराठी नावे रूढ झाली. यातील 'दार फाळणीचा सण' म्हणजे घराची दारे लावून करावयाचा प्रायश्चित्ताचा उपवास. ग्रंथ नसतानाही आचार टिकून राहिला, ही बाब संगीताच्या अभ्यासकांना महत्त्वाची वाटते. शमाची घोषणा ज्या लयीत होत असे, ती या परंपरेतील सर्वांत जुनी थर असण्याची शक्यता आहे.

एलियाहू या प्रेषिताच्या स्मरणार्थ होणारा 'मलिदा' हा विधीही याच संदर्भात अभ्यासला जातो. पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट ठेवून केलेल्या या विधीत एलियाहूचे स्तवन करणारे हिब्रू गीत सर्वजण मिळून गातात. इतर ज्यू समाजांत या स्वरूपाचा मलिदा आढळत नाही. एलियाहूच्या रथाच्या खुणा अलिबागजवळील खंडाळा येथील खडकावर उमटल्याची समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडण्यासाठी तेथे आजही कुटुंबे जातात.

टिपूच्या कैदेतून सिनेगॉगपर्यंत

हझानाला सिनेगॉग लागते. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवी भागात उभे राहिले. 'शाआर हाराहामिम' अर्थात 'दयेचे द्वार' हे त्याचे नाव. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. तेथून सुटका झाल्यास प्रार्थनागृह बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे समाजात सांगितले जाते. तोराची गुंडाळी आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

कोचीनशी आलेला हा संबंध पुढे वाढला. कोचीनच्या ज्यूंजवळ ग्रंथ, हझान आणि सणांच्या गीतांची समृद्ध परंपरा होती. तेथील प्रार्थनापद्धतीची पुस्तके अठराव्या शतकात ॲमस्टरडॅम येथे छापली गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी मुंबई आणि कोकणातील बेने इस्रायलींना हिब्रू वाचन, प्रार्थनेचा क्रम आणि चाली शिकविल्या. शलोमो सालेम शुराबी हे त्यांतील प्रमुख नाव. ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही यात अप्रत्यक्ष वाटा आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतराचा हेतू फारसा साध्य झाला नाही. समाजाला आपल्या ग्रंथांची भाषा मात्र वाचता येऊ लागली.

यानंतर सिनेगॉगची संख्या झपाट्याने वाढली. रेवदंडा, पनवेल, अलिबाग, ठाणे येथे प्रार्थनागृहे झाली. प्रत्येक ठिकाणी हझानाची गरज निर्माण झाली आणि कोचीनहून आलेल्या चाली कोकणातील कंठांतून नव्याने घडू लागल्या.

बगदादचा प्रभाव

डेव्हिड ससून (१७९२-१८६४) यांच्यासारखे बगदादचे ज्यू व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून मुंबईत स्थिरावू लागले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड (१८६१), पुण्याचे ओहेल डेव्हिड (१८६७) आणि मुंबईच्या फोर्ट भागातील केनेसेथ एलियाहू (१८८४) ही सिनेगॉग या समाजाची. लाल विटांच्या बांधकामामुळे पुण्याच्या सिनेगॉगला 'लाल देऊळ' म्हणतात.

बगदादी गायनावर अरबी 'मकाम' पद्धतीची छाप आहे. मकाम म्हणजे ठरावीक स्वरांची व चलनाची चौकट. भारतीय वाचकास ती रागाच्या कल्पनेवरून समजू शकते. बगदादी आणि बेने इस्रायली यांच्यात सामाजिक अंतर होते, तरी बेने इस्रायली हझानांच्या कानांवर बगदादी चाली पडत राहिल्या. कोणती चाल कोचीनची आणि कोणती बगदादची, हे ठरविताना उच्चारांचा आधार मिळतो. आधुनिक इस्रायली हिब्रूत प्रेषितास 'हानावी' म्हणतात. बगदादी ज्यूंमध्ये 'व'च्या जागी 'ब' येऊन 'हन्नाबी' असा उच्चार होतो आणि बेने इस्रायलींतही 'एलियाहू हन्नाबी' असेच म्हटले जाते. असे लहान तपशील जुळवून प्रभावाची दिशा शोधावी लागते.

मुंबईत जन्मलेल्या संगीत अभ्यासक सारा मनश्शे यांनी बगदादी स्तुतिगीतांवरील आपल्या २०१२ च्या ग्रंथात बगदाद, मुंबई आणि लंडन असा या गीतांचा प्रवास मांडला आहे. एका शहरातील गायन दुसऱ्या शहरात गेल्यावर काय टिकते आणि काय बदलते, याचा हा एक महत्त्वाचा अभ्यास मानला जातो.

मराठी भाषांतर आणि कीर्तन

हिब्रू वाचता येऊ लागले तरी सर्वांना अर्थ कळत नव्हता. वल्हांडणाच्या सणास वाचली जाणारी 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. त्यांच्या परिश्रमांमुळे हझान काय गातो, हे सामान्य मराठी ज्यू कुटुंबास समजू लागले.

१८८० च्या सुमारास मुंबईत आणखी एक प्रयोग झाला. हरिदासांची कीर्तने ऐकून काही बेने इस्रायली तरुणांनी तोच घाट ज्यू विषयांसाठी वापरला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घेतले जाते. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यांत रचून ती टाळ-पेटीच्या साथीने सादर होऊ लागली. साकी, दिंडी, आर्या, ओवी हे मराठी श्रोत्यांच्या परिचयाचे प्रकार त्यांत आले. कीर्तन सिनेगॉगच्या उपासनेचा भाग नव्हते. त्यामुळे वाद्यांचा निषेध येथे आड येत नव्हता आणि भाषेचेही बंधन नव्हते.

संगीत इतिहासकारांच्या दृष्टीने कीर्तनांचे महत्त्व दुहेरी आहे. त्या काळच्या मराठी पद्यसंग्रहांत गीताच्या शिरोभागी 'चाल' म्हणून एखाद्या लोकप्रिय पदाचा उल्लेख करण्याचा रिवाज होता. असा उल्लेख मिळाल्यास ते पद कोणत्या नाटकातील किंवा संग्रहातील आहे, हे पाहून रचनेचा काळ निश्चित करता येतो आणि मूळ पदाची चाल उपलब्ध असेल तर ती गाऊनही पाहता येते. हिब्रू प्रार्थनांना अशी सोय नाही.

दुसरे महत्त्व स्त्रियांच्या आवाजाचे आहे. पारंपरिक सिनेगॉगमध्ये हझान पुरुषच असतो. मराठी कीर्तनातील पदे आणि घरगुती विधींची गीते मात्र स्त्रियांनी पाठ केली, वह्यांत उतरवून घेतली आणि स्थलांतराच्या वेळी बरोबर नेली. मराठी राष्ट्रीय कीर्तनावर २०१३ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ ॲना शुल्झ यांनी पुढे बेने इस्रायली गीतांकडे लक्ष वळविले, तेव्हा इस्रायलमधील मराठी भाषक स्त्रियांचे गायन त्यांच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग ठरले. केवळ हझानांचे गायन नोंदवून थांबल्यास समाजाचे अर्धे संगीत नोंदीबाहेर राहते.

साम्य दिसते, पण संबंध आहे का?

ज्यू प्रार्थनासंगीत ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्यास अनेकदा ओळखीचे सूर भेटतात. पूर्व युरोपातील हझान ज्यास 'आहावा राबा' म्हणतात, त्या स्वरचौकटीत रिषभ, धैवत आणि निषाद कोमल, तर गांधार शुद्ध असतो. हिंदुस्थानी संगीतातील बसंत मुखारी आणि कर्नाटक संगीतातील वकुळाभरणम् यांचे स्वर हेच आहेत. अरबी संगीतातील हिजाझ मकामही याच्या निकटचा आहे.

या साम्यावरून एक परंपरा दुसरीतून निघाली, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सप्तकातील स्वरांची निवड मर्यादित असल्याने दूरदूरच्या संस्कृतींत सारखी चौकट स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते. म्हणून अभ्यासक स्वरांच्या जोडीला इतर गोष्टी तपासतात. गायन कोणत्या स्वरावर विसावते, शब्दाच्या आघाताशी तान कशी जुळते, ओळीच्या अखेरीस कोणता स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो आणि ती प्रार्थना कोणत्या सणास म्हणतात, या बाबी जुळल्या तरच संबंधाचा विचार होतो.

असाच एक गैरसमज आकाशवाणीच्या परिचित संकेतधुनीबाबत आढळतो. तिचे कर्ते वॉल्टर कॉफमन हे बोहेमियातील ज्यू संगीतकार. ते १९३४ ते १९४६ या काळात मुंबईत होते आणि नभोवाणीत पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहत. त्यांच्या धर्मामुळे या धुनीचा संबंध काही वेळा ज्यू प्रार्थनासंगीताशी जोडला जातो. प्रत्यक्षात ती शिवरंजनी रागावर आधारित आहे. संगीतकाराचा धर्म आणि त्याच्या संगीताचे मूळ या वेगळ्या गोष्टी आहेत.

शब्बाथ आणि ध्वनिमुद्रण

ज्यू प्रार्थनासंगीताच्या आधुनिक संशोधनाचा पाया आब्राहाम त्स्वी इडेलसोन (१८८२-१९३८) यांनी घातला. लाटव्हियात जन्मलेले इडेलसोन स्वतः हझान होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जेरुसलेम येथे गेले. येमेन, बगदाद, इराण, मोरोक्को येथून आलेल्या ज्यूंचे गायन त्यांनी फोनोग्राफवर मुद्रित केले आणि त्याचे स्वरलेखन करून १९१४ ते १९३२ या काळात दहा खंड प्रसिद्ध केले. दुसरा खंड बगदादी परंपरेचा आहे. भारतीय ज्यूंसाठी मात्र या दहांत स्वतंत्र खंड नाही. पायाभूत संग्रहात जागा न मिळालेल्या परंपरेचा अभ्यास पुढेही उशिरा सुरू होतो, असा अनुभव आहे.

जेरुसलेम येथे १९६४ मध्ये राष्ट्रीय ध्वनिसंग्रह स्थापन झाला आणि स्थलांतरित भारतीय ज्यूंचे गायनही त्यात जमा होऊ लागले. परंतु अशा संग्रहांची एक मर्यादा आहे. शब्बाथच्या दिवशी आणि प्रमुख सणांना धर्मनियमानुसार विद्युत उपकरणे चालविणे निषिद्ध आहे. वर्षातील सर्वांत महत्त्वाच्या प्रार्थना नेमक्या याच दिवशी होतात. साहजिकच त्यांचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण होत नाही. हझान एखाद्या आडवारी, रिकाम्या सभागृहात किंवा घरी बसून त्या गाऊन दाखवितो. उपवासाने कोरडा पडलेला घसा, शेकडो लोकांचा प्रतिसाद, पहाटेची वेळ यांचा गायनावर होणारा परिणाम ध्वनिफितीत येत नाही. म्हणून अभ्यासकास सणाच्या दिवशी उपस्थित राहून ऐकावे लागते आणि सण संपल्यावर आठवणीने टिपण करावे लागते.

दहा जणांची अट

चाली लोप पावण्याची प्रक्रिया समजून घेण्यासाठी 'मिनियान'चा नियम लक्षात घ्यावा लागतो. सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा ज्यू पुरुष उपस्थित असावे लागतात. दहा पूर्ण न झाल्यास प्रार्थनेचे काही भाग, मृतांसाठी म्हणावयाचा 'कद्दीश' आणि तोराचे सस्वर जाहीर वाचन करता येत नाही. संख्या दहावरून नऊवर आली की त्या सिनेगॉगमधील गायनाचा मोठा भाग एकदम थांबतो.

१९५१ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या सव्वीस हजारांहून अधिक होती. आता ती चार ते पाच हजारांच्या आसपास आहे. मुंबई, ठाणे, पुणे येथे नियमित प्रार्थना होते. दिल्लीतील १९५६ च्या जुडा हायम सिनेगॉगमध्येही महाराष्ट्रातून गेलेल्या बेने इस्रायलींनी परंपरा जपली आहे. कोकणातील अनेक सिनेगॉगमध्ये मात्र दहा जण जमणे कठीण झाले आहे. बंगळूरूसारख्या महानगरात म्हैसूर रस्त्यावर ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. जुने, स्थायी सिनेगॉग नाही. अशा ठिकाणी शब्बाथचे दीपप्रज्वलन आणि आशीर्वाद घरोघरी टिकतात. हझानाचे गायन टिकण्यास आवश्यक असलेला समुदाय नसतो.

इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलींची अडचण निराळी होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना सर्व दृष्टींनी ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ज्या समाजाला आपली ओळख सिद्ध करावी लागते, त्याला आपल्या वेगळ्या चाली बाजूला ठेवून सर्वमान्य चाली स्वीकारण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच कोकणातील रीतीने गाइलेली एखादी प्रार्थना ही संगीताच्या पलीकडची साक्ष ठरते. ग्रंथ नसतानाही हा समाज ज्यू म्हणून जगला, हे ती सांगते.

पुढील काम

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. सिनेगॉगच्या वास्तूंकडे वारसा म्हणून लक्ष दिले जाऊ लागले आहे. वास्तूची दुरुस्ती विलंबाने झाली तरी ती शक्य असते. चाल ठाऊक असलेली शेवटची व्यक्ती गेली, तर ती पुन्हा मिळविण्याचा मार्ग उरत नाही.

या कामासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. वृद्ध हझानांकडून वर्षभरातील प्रार्थनांचा क्रम लावून ध्वनिमुद्रण करणे, प्रत्येक चाल कोणाकडून आणि कोणत्या गावी शिकली याची नोंद ठेवणे, स्त्रियांच्या गीतांच्या वह्यांची छायाचित्रे घेणे आणि मराठी कीर्तनांच्या छापील प्रती ग्रंथालयांत शोधणे, एवढे केले तरी इतिहासलेखनास भक्कम आधार मिळेल. बंगळूरूतील 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक' या उपक्रमाने जुन्या ग्रामोफोन तबकड्यांतील भारतीय संगीत डिजिटल स्वरूपात सर्वांसाठी खुले केले आहे. प्रार्थनासंगीतासाठीही अशा धर्तीवर काम होऊ शकते. मात्र कोणते गायन जाहीर करावे आणि कोणते समाजापुरते ठेवावे, हा निर्णय त्या समाजाचाच असला पाहिजे.

मराठीच्या अभ्यासकांना या कामात विशेष स्थान आहे. हिब्रू जाणणारे विद्वान जगात अनेक आहेत. साकी आणि दिंडी यांतील फरक ओळखणारे, 'चाल' या नोंदीवरून मूळ नाट्यपद शोधू शकणारे आणि रेवदंडा-अलिबागच्या बोलीचे वळण हिब्रू उच्चारांत ऐकू शकणारे अभ्यासक महाराष्ट्रातच मिळतील. ज्यू संगीताच्या जागतिक इतिहासातील हे प्रकरण पूर्ण व्हावयाचे असेल, तर त्याचा बराचसा भाग मराठी जाणणाऱ्यांनाच लिहावा लागेल.